दुबळ्यांची बादली

सून चोर निघाली, असं थोरलीनं त्या सकाळी दूधवाल्याला सांगितलं, पाणी भरायला आलेल्या शेजारणीला सांगितलं, आणि ऐकायला तिसरं माणूस उरलं नाही तेव्हा दारातल्या कुत्रीलाही सांगितलं.

"काय चोरलं ते विचार ना," ती शेजारणीला म्हणाली.

"काय चोरलं?"

"मांस. बादलीभर. तेही डुकराचं, तेही दोन दिवसांचं. लोकांच्या सुना दागिने लांबवतात. आमच्या घरात वास सुटलेलं मांस लांबवतात."

शेजारणीनं नाकावर हात धरला. "कशाला हो चोरेल ती?"

"त्या आजारी पाखराला उपाशी मारायला. दुसरं कशाला?"

सून आतच होती आणि सगळं ऐकत होती. तिनं भांडं आपटलं नाही की हुंदका दिला नाही. थोरलीला राग यायचा तो याचाच. भांडायला समोर कुणीतरी लागतं, आणि ही बाई म्हणजे नुसती भिंत. लग्नाला चार वर्षं झाली. चार वर्षांत तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि सांगितलेलं काम सांगितल्यासारखं एकदाही केलं नव्हतं. पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. तांदूळ रोळायला बसली की तास जायचा. ताट तिरकं धरायची, पाणी हलकं हलकं फिरवायची, दाणे वरून वाहून दुसऱ्या भांड्यात जायचे आणि खडा तळाशी राहायचा. मग तेच पुन्हा एकदा. आणि मनात आलं तर आणखी एकदा.

"मोती वेचतेस का गं?" थोरली विचारायची.

"खडा असतो, आई."

"मग चावायचा आणि थुंकायचा. दात कशाला दिलेत?"

घर वस्तीपासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी होतं. पुढं हाडांचा माळ. आसपासच्या गावांत गाय, बैल, घोडा काहीही मेलं की ते ट्रॅक्टरला बांधून इथं यायचं. थोरलीच्या सासऱ्यापासून हेच काम. कातडं उतरवायचं आणि कारखान्याला द्यायचं. मांस माळावर ठेवायचं. गिधाडं उतरायची आणि बैल असला तर तासाभरात सांगाडा करून निघून जायची. मग हाडं गोळा करून पोत्यात भरायची. कातडं आपलं, मांस त्यांचं, हाडं पुन्हा आपली. ही वाटणी कुणी ठरवली हे थोरलीला माहीत नव्हतं, पण अशी चोख वाटणी तिनं माणसांत कुठं पाहिली नव्हती. सख्ख्या भावांत तर नाहीच.

तिच्यासमोर कुणी एखाद्या लोभी माणसाला गिधाड म्हटलेलं तिला खपत नसे. "गिधाड पोट भरलं की उठतं," ती म्हणायची. "तुझा चुलता उठलाय का कधी?"

पाखरं तिला ओळखत की नाही देव जाणे, पण ती त्यांना ओळखायची. कोण भांडखोर, कोण आळशी, कोण शेवटपर्यंत रांग सोडत नाही. सगळ्यांत आधी उतरायची ती एक म्हातारी मादी, डाव्या पायाचं मधलं नख नसलेली. ती खाली बसली, मान वळवून चारी बाजूंना पाहिलं, की मगच बाकीची आभाळातून सुटायची. थोरलीनं तिचं नाव ठेवलं होतं मुकादमीण. "आमच्यात दोघीच शहाण्या," असं ती म्हणे, "एक मी आणि एक ती."

बैलाचं जाड कातडं चोचीनं फाटत नाही, म्हणून पोट थोरली स्वतः उघडायची. त्यासाठी तिची एक जुनी सुरी होती, पातं झिजून बोटाएवढं उरलेलं. ती दुसऱ्या कुणाच्या हातात जात नसे. आणि आणखी एक गोष्ट तीच करायची. जे मांस सगळ्यांत मऊ, ते ती वेगळं काढून बादलीत ठेवायची. त्या वर्षीची पिल्लं, लंगडी, म्हातारी, गर्दीत ज्यांना कुणी आत घेत नाही अशांसाठी. माळाच्या कडेला एक सपाट दगड होता, तिथं ती बादली ओतायची. मुलगा चिडवायचा, "आई, त्यांना लाळेरं बांधून भरव की." पण तोही रोज बादली धुऊन ठेवायचा.

त्या वर्षी डोंगरातला झरा आटला आणि रानडुकरं मक्यात उतरली. पूर्वी हंगामाला एखाददुसरं डुक्कर पडायचं. यंदा कळपच्या कळप. शेतंच्या शेतं आडवी झाली. रखवालीला थोरलीचा धाकटा दीर होता. सगळे त्याला नेमबाज म्हणत, आणि तोही स्वतःला तेच म्हणवून घेई. तो डुकरं पाडायचा. चांगलं मांस गाव न्यायचं. पण गोळी लागल्या जागचं काळंनिळं, चिंधड्या झालेलं मांस माणूस खात नाही. ते आतड्यांसकट माळावर यायचं. असं मांस मऊ असतं. चोच लावली की सुटतं. थोरली ते बघून खूश व्हायची आणि थेट बादलीत टाकायची.

गोळ्याही तिच्याच हातच्या होत्या. नवऱ्याचा लोखंडी साचा तिनं तेलाच्या फडक्यात गुंडाळून जपला होता. परसातल्या वेगळ्या चुलीवर जुन्या नळांचं शिसं वितळवायची आणि पळीनं साच्यात सोडायची. गोळी अशी गोल की कुठं शिवण दिसू नये. "शिसं मऊ हवं," ती नेमबाजाला सांगायची. "हाडाला लागलं की पसरतं. जनावर जागच्या जागी बसतं." चार गावांत तशी गोळी कुणी करत नव्हतं.

मक्याला कणसं धरली आणि माळावर पाखरं पडू लागली.

आधी दोन पिल्लं. दगडाशेजारीच, पंख पसरून, मुठी वळल्यासारखे पाय आखडलेले. मग एक लंगडा. मग रोज उतारावर काही ना काही काळं दिसायचं आणि मुलगा जाऊन बघून यायचा. तो येताना मान हलवायचा. थोरलीला वाटलं रोग आला. तिनं बादली दोन वेळा भरायला सुरुवात केली. आजाऱ्याला नीट खायला घालावं, एवढं तिला कळत होतं.

पाखरं कमी झाली तसं मांस उरू लागलं. एक म्हैस चार दिवस तशीच पडली. वारा वस्तीकडे फिरला तेव्हा दूधवाला दारात सायकल उभी करून म्हणाला, "आजी, लोक माळ बंद करा म्हणतायत. अर्ज देणार आहेत."

"देऊ देत. त्यांचं जनावर मेलं की त्यांच्या अंगणात पुरायचं म्हणावं."

पण तो गेल्यावर ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. तीन पिढ्यांचं काम वास आला म्हणून बंद पडणार, आणि वास का, तर पाखरं नाहीत म्हणून. पाखरांशिवाय आपण काय? मढी साठवणारी माणसं.

मग एका दुपारी सून माळावरून आली ती मुकादमिणीला छातीशी धरून. माणसाच्या मुलाएवढं पाखरू, पंख दोन्हीकडे जमिनीला लागलेले, मान लोंबणारी, आणि सुनेच्या अंगावर पोटातलं सगळं ओकलेलं. ती तशीच स्वयंपाकघरातून परसात गेली.

"मागच्या दारानं आणता येत नाही?" थोरली ओरडली.

"मागच्या दाराला कडी होती, आई."

थोरली मग स्वतःच तिच्यामागं परसात गेली. तिनं नख नसलेला पाय पाहिला होता.

लाकडं ठेवायच्या खोपटात गोणपाट अंथरलं. थोरलीनं बादली आणली आणि मऊ मऊ तुकडे स्वतःच्या बोटांनी भरवले. पाखरानं दोन घेतले, तिसरा घशात अडकल्यासारखा झाला. गळ्याखालची थैली भरलेलीच राहायची, खाली काही उतरत नव्हतं. विष्ठा हिरवीगार. सोमवारी नवं मांस आलं नाही, तेवढा दिवस सोडून थोरली रोज दोनदा भरवायची. पाचव्या दिवशी बादलीच नाहीशी झाली, आणि ती सुनेनं हलवली हे मुलाच्या तोंडून निसटलं. ती आजची गोष्ट.

दुपारपर्यंत थोरलीची जीभ थकली. ती परसात गेली तर सून भिंतीकडे पाठ करून बसलेली. शेजारी कातडी भिजवायचं जुनं पातेलं, त्यात मांस शिजून शिजून त्याचा लगदा झालेला. सुनेच्या हातात ताट. ताट तिरकं, त्यात पाणी, आणि पाणी हलकं हलकं फिरत होतं.

"तू मांस रोळतेस?" थोरलीला हसावं की रडावं कळेना. "आता काय म्हणावं तुला? डाळ-तांदूळ संपले म्हणून..."

सुनेनं मान वर केली नाही. लगदा वाहून गेला. तिनं आणखी पाणी घातलं, आणखी एकदा फिरवलं. मग ताट सासूपुढं धरलं.

तळाशी चमचाभर करडी कच होती. काही दाणे बाजरीएवढे, काही नुसते पापुद्रे, नखाच्या कातरणासारखे.

"हे काय?"

"बादलीतलं."

थोरलीनं एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. खडा असता तर करकरला असता. हा करकरला नाही. दाबला गेला.

तिनं तो तोंडातून काढला. परसाच्या भिंतीला चुना दिलेला होता. तिथं तिनं दाणा टेकवला आणि ओढला. भिंतीवर करडी रेघ उठली, शाळेतल्या पेन्सिलीसारखी. अशा रेघांनी चुलीमागची भिंत भरलेली होती. नळ विकत घेताना शिसं खरं की भेसळीचं, हे ती वर्षानुवर्षं असंच बघत आली होती.

ती तिथंच खाली बसली.

"कधी कळलं तुला?"

"परवा. तुम्ही भरवलं की संध्याकाळी तिची मान जास्त लोंबते. सोमवारी बादली आली नव्हती, त्या दिवशी ती दोन पायांवर उभी राहिली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

सून पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत बघून बोलली. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

थोरलीनं खरोखर विचार केला. "नसतं ऐकलं," ती म्हणाली.

तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना होता. मुलानं पिकअप मागून आणली आणि तिघं मुकादमिणीला घेऊन गेले. बाकावर लोक गोजिरवाणी कुत्री-मांजरं घेऊन बसले होते. हे तिघं आत आले तसा बाक एकेक करून रिकामा झाला. एका बाईनं खिडकी उघडली. एकजण म्हणाला, "हे असलं पण आणतात?" मुलगा खाली बघत राहिला. सून मधोमध बसली, मांडीवर पाखराचं ओझं, आणि त्याच्या पंखातले गवताचे तुकडे एकेक करून काढत राहिली. जसं काही ती घरच्या पायरीवर बसली होती.

डॉक्टरीण तरुण होती, चष्मा कपाळावर. तिनं एक्स-रे उजेडासमोर धरला. पोटाच्या जागी पांढरे ठिपके, कुणी मीठ सांडावं तसे.

"शिसं," ती म्हणाली. "यांच्या पोटात इतकं जहाल आम्ल असतं की हाड विरघळतं. म्हणून तर सडलेलं खाऊनही यांना काही होत नाही. पण तेच आम्ल शिसंही विरघळवतं, आणि ते रक्तात जातं. तुमच्याकडे हे येतं कुठून?"

मुलानं आईकडे पाहिलं आणि नजर वळवली. सुनेनं फरशीकडे बघत म्हटलं, "शिकारीचं मांस असतं कधी कधी. बाहेरून येतं."

सुनेनं आपल्याला झाकलं, हे थोरलीला कळलं. आणि झाकून घ्यायची तिला सवय नव्हती.

"बाहेरून नाही," ती म्हणाली. "गोळ्या मी करते. मांस मी निवडते. मऊ मऊ बघून दुबळ्यांना मीच घालते. लिहून घ्या."

डॉक्टरिणीनं काही लिहिलं नाही. हातमोजे चढवत म्हणाली, "पोट धुते मी आता. मग सुया. दिवसातून दोनदा, पाच दिवस. मग थांबून पुन्हा पाच दिवस. जगेल असं मी सांगत नाही. करणार कोण?"

"मी," सून म्हणाली.

ते परत आले तेव्हा नेमबाज दारात ट्रॉली लावून उभा होता. ट्रॉलीत तीन डुकरांची आतडी आणि काळंनिळं मांस.

"वहिनी, आज तुझ्या लेकरांची मेजवानी!"

"परत फिरव."

"काय झालं?"

थोरलीनं ताट आणून त्याच्यापुढं धरलं. सांगायचं ते सांगितलं. तो हसला. "बायकांनी ताटात धूळ पाहिली, आणि त्यावर मी आता नेम सोडू? चाळीस वर्षं डुकरं मारतोय. तेव्हा नाही मेली ती पाखरं?"

"तेव्हा तू वर्षाला दोन मारायचास आणि त्यातलं एक चुकायचं."

मुलगा हसला, मग घाईनं खोकला.

"मग हे मांस काय करू? डोक्यावर घेऊन नाचू?"

"खड्डा खण. कमरेच्यावर खोल. वर चुना. इथून पुढं गोळी लागलेल्या जनावराचा बोटाएवढा तुकडा माळावर येणार नाही. डॉक्टरीण म्हणते तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या घे. त्या मिळेपर्यंत खड्डा."

"आणि मी नाही खणला तर?"

"साचा माझा, शिसं माझं, चूक माझी. ते मी दवाखान्यात चारचौघांत कबूल करून आलेय. पण नेम तुझा. तेव्हा खड्डा तुझा."

नेमबाजानं ट्रॉलीच्या चाकाला एक लाथ मारली. मग त्यानं शर्ट काढून ट्रॉलीच्या दांडीला टांगला. खड्डा त्यानंच खणला, आणि खणताना सगळा वेळ बडबडत होता. माती उपसायला थोरली स्वतः उतरली. माळावर मेलेली पाखरंही त्याच खड्ड्यात गेली, दुसऱ्या कुणी खाऊ नयेत म्हणून. शेवटी तिनं तेलाचं फडकं आणलं. ते न उलगडताच खाली टाकलं आणि वर पहिलं फावडं मातीही तिनंच लोटली.

मग सुयांचे दिवस. मुलगा पंख धरायचा, सून मांडीखालच्या मांसात सुई द्यायची. मुकादमीण अशक्त होती पण चोच चोचच होती. सुनेच्या मनगटापासून कोपरापर्यंत जखमा झाल्या. दोनदा पाखरू तिच्या तोंडावर ओकलं. ती पुसायची आणि पुन्हा सुई धरायची. सकाळी सुई, मग माळावर काम, कातडं ओढताना त्याच जखमी हातांनी जोर, संध्याकाळी पुन्हा सुई. खायला घालायचं ते आपोआप मेलेल्या बकरीचं मांस, आणि तेही ती आधी बोटांनी चाचपून बघायची. थोरली लांबून बघत बसायची. एकदा तिनं हळद आणि तेल वाटीत आणून सुनेशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "सांडू नकोस." दुसऱ्या दिवशी ते सांडलेलं होतं. थोरलीनं परत आणलं.

नवव्या दिवशी विष्ठा पांढरी झाली. सून ती बघायला सासूला हाताला धरून घेऊन गेली. दोघी खाली वाकून बघत राहिल्या.

महिन्यानं तिला उताराच्या कडेला सोडलं. वारा चांगला होता. ती तीन उड्या धावली, पंख उघडले, पोट जमिनीला घासलं, झुडपात अडखळली. मुलगा पुढं सरला, सुनेनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. मुकादमीण झुडपातून निघाली, पुन्हा धावली, आणि या वेळी खालची दरी तिच्या पंखांखाली आली. परत फिरून तिनं पाहिलंही नाही. माणसाचं काही देणं लागतो असं त्या जातीला वाटत नाही, आणि थोरलीला त्यांचं तेच आवडायचं.

पुढं आठ दिवस माळ रिकामा. नवव्या दिवशी शेजारच्या गावचा बैल आला. म्हातारा होऊन मेलेला, अंगात ना गोळी ना गिधाडांना बाधणारं दुखण्याचं औषध, हे सुनेनं मालकाला तीनदा विचारून घेतलं. कातडं उतरवलं. नेमबाजही आला होता, उगाच, हात मागं बांधून. सगळे बाजूला होऊन उभे राहिले. पोट उघडायचं होतं, पण थोरलीची सुरी हातातच होती. ती वर बघत होती. डोळ्यांना आता लांबचं धड दिसत नव्हतं.

"आहे का काही?"

"नाही, आई."

बराच वेळ गेला. माश्या बसू लागल्या.

"आता?"

सून डोंगराच्या खांद्याकडे बघत होती. तिथून एक ठिपका सुटला, मोठा झाला, एकदा माळावरून फिरला आणि पाय खाली सोडून बैलापासून दहा पावलांवर उतरला. मान वळवून चारी बाजूंना पाहिलं. डावा पाय पुढं आला. मधलं नख नव्हतं.

मग आभाळातून एकेक करून बाकीची सुटली. सगळी नव्हती. पण होती. पंखांचा तो सूंऽऽ आवाज, वरून कुणी कापड फाडत यावं तसा, थोरलीनं डोळे मिटून ऐकला. नेमबाजानं डोक्यावरची टोपी काढली आणि का काढली ते न कळून परत घातली.

थोरली सुनेकडे वळली. मुलाला ऐकू जावं, दिराला ऐकू जावं, एवढ्या मोठ्यानं बोलली.

"ऐक गं. तुझा चहा मला आवडत नाही. मागच्या दाराची कडी तुला चार वर्षांत काढता आली नाही. माझी बादली तू चोरलीस, ते मी मरेपर्यंत तुला ऐकवणार. आणि चोरली नसतीस, तर आज मी इथं रिकाम्या आभाळाखाली बसून स्वतःला शहाणी म्हणत असते." तिनं सुरीचं पातं स्वतःकडे केलं आणि मूठ सुनेकडे धरली. "धर. पोट आजपासून तू उघडायचं. तुझ्या पद्धतीनं. तासभर लागला तरी लागू दे."